फक्त आपल्या कॉलेजचे

अमेरिकेत खेळाडूंची कार्डं जमवायला लागलेल्या माणसाला जुनेजाणते पहिला सल्ला देतात तो असा : सगळं जमवायला जाऊ नकोस, दिवाळं निघेल. एक संघ धर, एक खेळाडू धर, नाहीतर एक कॉलेज धर. मी कॉलेज धरलं. मिशिगन विद्यापीठ, मुक्काम ॲन आर्बर. तिथे मी एमएस केलं, आणि 1,07,601 माणसं मावतात त्या 'बिग हाउस' स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलचा एकही नियम कळत नसताना विद्यार्थ्यांच्या तिकिटावर घसा बसेपर्यंत ओरडलो. तेव्हा ठरलं, फक्त आपल्या कॉलेजचे. बाहेरचा एकही घ्यायचा नाही. खर्च आपोआप आटोक्यात राहील.

बायको एवढंच म्हणाली, "मुंजीची यादीसुद्धा 'फक्त जवळचे' इथूनच सुरू होते."

आमच्या पिढीने बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं जमवली आहेत, त्यामुळे या नादाचं मूळ मला परकं नव्हतं. इथेही सगळं च्युइंगगमपासूनच वाढलं. टॉप्स ही ब्रुकलिनची गम विकणारी कंपनी. तिने 1952 साली बेसबॉलचा मोठा संच काढला, तो पुरता खपला नाही, आणि उरलेली खोकी 1960 साली बोटीत घालून समुद्रात बुडवली. त्याच संचातलं मिकी मँटल या बेसबॉलपटूचं एक कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. ही गोष्ट मी बायकोला 'गुंतवणूक' या सदराखाली सांगितली. तिच्या लक्षात फक्त समुद्र राहिला.

सांगलीहून आई आली, तेव्हा संग्रहाला पहिला गंभीर प्रश्न विचारला गेला. मी मोठ्या अभिमानाने फोल्डर उघडला. एका पानाला नऊ खण, प्रत्येक खणात एक कार्ड. तिने चष्मा लावला आणि टॉम ब्रेडी या फुटबॉलपटूवर बोट ठेवलं.

"हा तुझ्या वर्गात होता का रे?"

"नाही गं. मी यायच्या आधीच तो गेला होता."

"मग ओळखीचा?"

"सगळं जग ओळखतं त्याला."

"तुला ओळखतो का?"

मी पान उलटलं. पुढच्या पानावरचेही कुणी माझ्या वर्गात नव्हते. मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही होतो ते सगळे चष्मेवाले, आणि आमच्यातल्या कुणाचं कार्ड निघायची शक्यता फक्त ग्रंथालयात होती. खरं तर माझं मूळ कॉलेज सांगलीचं. पण तिथला खेळाडू म्हणजे विद्यापीठाच्या कबड्डी संघातला एक राखीव गडी, तोही अजून माझ्याकडे दोनशे रुपये मागतो. बायको पुण्याच्या सीओईपीची. तिच्या मते कार्डं काढायची तर रिगाटात मुळेवर होड्या वल्हवणाऱ्यांची काढावीत, निदान ती पोरं परीक्षासुद्धा देतात.

असो. ब्रेडीची गोष्ट आईला सांगितलीच. 2000 सालच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात, 198 जण निवडून झाल्यावर या माणसाचा नंबर लागला, आणि पुढे त्याने सात सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम लढती, जिंकले. त्याच्या पहिल्या वर्षीचं, सहीचं, शंभरच प्रती छापलेलं एक कार्ड 2021 मध्ये 31 लाख डॉलरला विकलं गेलं. आईने माझ्या फोल्डरकडे नव्या आदराने पाहिलं. हे ते कार्ड नव्हे, हे दोन डॉलरचं आहे, असं सांगावं लागलं, तेव्हा तिने फोल्डर मिटून चहा टाकला.

आता कॉलेजच्या कार्डांची मूळ अडचण सांगतो. इतकी वर्षं कॉलेजातल्या खेळाडूने 'हौशी' राहायचं, असा नियम होता. स्वतःच्या नावाचा किंवा चेहऱ्याचा एक पैसा घ्यायचा नाही. त्यामुळे पोरगा लाखभर लोकांसमोर खेळत असायचा तेव्हा त्याचं कार्ड नसायचं. कार्ड निघायचं तो कॉलेज सोडून व्यावसायिक झाल्यावर, म्हणजे अंगावर दुसऱ्याच कुणाचा तरी गणवेश चढल्यावर. मिशिगनच्या निळ्या-पिवळ्या कपड्यातलं कार्ड मिळायचं ते एका भलत्याच वाटेने. एखाद्या कंपनीकडे लीगचा परवाना नसतो, पण कॉलेजचा असतो. मग ती नव्या खेळाडूंना त्यांच्या जुन्या कॉलेजचा गणवेश घालून छापते. इतर संग्राहक अशा कार्डांना नाकं मुरडतात, म्हणून ती स्वस्त. माझ्या संग्रहाचा निम्मा भाग हा असा दुसऱ्यांनी मुरडलेल्या नाकांवर उभा आहे.

1 जुलै 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करायची मुभा मिळाली. पाठोपाठ टॉप्सने खास कॉलेजवाल्यांचा 'बोमन युनिव्हर्सिटी' संच काढला, आणि माझी मर्यादा त्या दिवशी वाहून गेली. आधी कार्डं मिळत नव्हती म्हणून पैसे वाचत होते, हे तेव्हा उमगलं.

कारण आता एका खेळाडूचं एक कार्ड नसतं. तेच चित्र, तीच सही, फक्त कडेचा रंग बदलतो आणि मागे प्रतींचा आकडा येतो. बोमन क्रोम या चकचकीत कार्डांचा रिवाज असा की निळी 150, सोनेरी 50, नारिंगी 25, लाल 5, आणि सुपरफ्रॅक्टर नावाचं जगात एकच. ही अख्खी माळ एका खेळाडूसाठी जमवणारे लोक आहेत. ते कुठे राहतात आणि जेवतात काय, मला माहीत नाही. मी पुन्हा एक नियम केला : आपल्या कॉलेजचे रंग निळा आणि मक्याचा पिवळा, तेव्हा निळी आणि सोनेरी एवढीच घ्यायची. लाल रंग शेजारच्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा, म्हणजे शत्रूचा. पाचच प्रती असलेलं महागडं लाल कार्ड तत्त्वावर नाकारता येतं, हे मी बायकोला पटवलं. किती वाचले त्याचा हिशेबही दाखवला. तिने तो फ्रिजवर लावलाय आणि पाहुण्यांना वाचून दाखवते.

खरा घोळ वेगळाच. 'आपल्या कॉलेजचा' म्हणजे नेमका कोण?

डेरेक जीटर घ्या. न्यूयॉर्क यांकीजचा जीटर, बेसबॉलचं दैवत. वाढला मिशिगन राज्यात, मिशिगन विद्यापीठाकडून खेळायचं त्याने कबूलही केलं होतं. पण 1992 च्या ड्राफ्टमध्ये यांकीजनी त्याला सहाव्या क्रमांकावर उचललं. त्या वर्षी तो ॲन आर्बरला एक सत्र बसला, कॉलेजसाठी मात्र एकही सामना खेळला नाही. आपला की परका? माझ्या मते फी भरली तो आपला. छाननी समितीच्या, म्हणजे बायकोच्या, मते 1993 च्या ज्या चकचकीत जीटरवर माझा डोळा होता त्याची किंमत पाहूनच मी त्याला नातेवाईक ठरवत होतो. त्या कार्डाची ख्याती अशी की कडांचं फॉइल हात लावला तरी निघतं, त्यामुळे निर्दोष प्रती फार थोड्या. मी कडा उडालेलं घेतलं. एका सत्रापुरत्या विद्यार्थ्याला तेवढं पुरे.

मग मायकल फेल्प्स. 2004 मध्ये त्याचे प्रशिक्षक मिशिगनला पोहण्याचे प्रशिक्षक म्हणून आले, पाठोपाठ हाही आला. बीजिंगच्या आठ सुवर्णपदकांआधीची वर्षं तो ॲन आर्बरच्या पाण्यात होता. पण तोवर व्यावसायिक झालेला, त्यामुळे कॉलेजच्या संघातून पोहला नाही. समितीचा निर्णय : "तलाव आपला, मासा नाही." फेल्प्स नामंजूर. वाईट वाटलं, पण निकाल चोख होता.

ब्रेडीने उलटा पेच टाकला. हायस्कूलमध्ये असताना 1995 मध्ये मॉन्ट्रियल एक्सपोज या बेसबॉल संघाने त्याला यष्टिरक्षकासारख्या जागेसाठी, म्हणजे कॅचर म्हणून, निवडलं होतं. तो तिकडे न जाता मिशिगनला आला. आणि 2023 मध्ये टॉप्सने चक्क एक्सपोजच्या कपड्यातल्या ब्रेडीचं बेसबॉल कार्ड काढलं! म्हणजे माणूस आपला, खेळ भलता, संघ अस्तित्वातून गेलेला, आणि कार्ड अशा एका आयुष्याचं जे तो आपल्या कॉलेजात आला म्हणूनच घडलं नाही. यावर समितीने डोकं धरलं आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला उठून गेली. मी याला मूक संमती समजलो.

हल्ली तर जिवंत, शिकत असलेली पोरंही एका जागी राहत नाहीत. ट्रान्सफर पोर्टल नावाची सोय आहे, वर्ष संपलं की पोरगा कॉलेज बदलून मोकळा. त्यात रिडेम्प्शनची भर. पाकिटातून सहीचं कार्ड निघण्याऐवजी कधी कधी एक चिठ्ठी निघते. सही अजून व्हायची आहे, हा क्रमांक नोंदवा आणि वाट पाहा. मी नोंदवला. वाट पाहता पाहता पोरगा जायबंदी झाला, बरा झाला, आणि पोर्टलमधून दुसऱ्या कॉलेजात गेला. मग कार्ड आलं. अंगावर आपला निळा गणवेश, खाली कोरी करकरीत सही, आणि त्याच शनिवारी टीव्हीवर तो आमच्याविरुद्ध खेळत होता. आमचाच बचाव फोडून त्याने टचडाऊन केला तेव्हा घरात मी एकट्याने टाळ्या वाजवल्या की नाही, यावर अजून वाद आहे.

या सगळ्यात एक कार्ड असं आहे की त्यावर कधीच वाद झाला नाही. जिम ॲबट. आपल्या कॉलेजचा बेसबॉलपटू, मिशिगनमधल्याच फ्लिंटचा, जन्मतः उजवा पंजा नसलेला. डाव्या हाताने चेंडू टाकायचा, तोवर हातमोजा उजव्या मनगटाशी अडकवून ठेवायचा. चेंडू सुटला की डावा हात झटकन त्याच मोज्यात. चेंडू आला तर पकडायचा, मोजा काखेत दाबायचा, चेंडू पुन्हा डाव्या हातात घेऊन फेकायचा. हे सगळं धावणारा पहिल्या बेसवर पोचायच्या आत. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये जपानविरुद्धचा अंतिम सामना त्याने जिंकून दिला, आणि 4 सप्टेंबर 1993 ला यांकीजकडून खेळताना समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, मिळू दिला नाही. त्याचं 1988 चं कार्ड अमेरिकेच्या संघाच्या गणवेशातलं आहे. त्या काळात कंपन्यांनी कार्डं इतकी बेसुमार छापली की आज त्याला वडापावाइतकीही किंमत येत नाही. आईने ते खणातून काढून खिडकीशी नेलं, मागची बारीक अक्षरं माझ्याकडून वाचून घेतली, आणि परत ठेवताना म्हणाली, "याचं मोठं का नाही छापत?" तिच्या बोटाची हळद प्लॅस्टिकच्या पाकिटावर उमटली. पाकीट एका पैशाचं, बदलता आलं असतं. बदललं नाही.

देवाणघेवाणीसाठी मला जोडीदार मिळाला तो थेट शत्रूच्या गोटातला. कोलंबसचा, ओहायो स्टेटमध्ये शिकलेला, मूळचा साताऱ्याचा. मराठी मंडळाच्या अधिवेशनात जेवणाच्या रांगेत ओळख झाली. एकमेकांच्या दृष्टीने दोघांच्याही टोप्या चुकीच्या कॉलेजच्या होत्या. व्यवहार सोपा : त्याच्या पाकिटांतून निघालेले मिशिगनवाले माझे, माझ्याकडचे ओहायोवाले त्याचे. मिशिगनशी सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारात जिथे जिथे एम हे अक्षर दिसेल त्यावर लाल फुली मारायची प्रथा आहे. हा बहाद्दर ती माझ्या पत्त्यावरही पाळतो. माझ्या राज्याच्या नावातला एम, माझ्या नावापुढच्या मिस्टरचा एम, सगळ्यांवर फुल्या. झिपकोड तेवढा सोडतो. पोस्टमन एकदा विचारून गेला, कुणाशी काही भांडण आहे का.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग मी चार्ल्स वुडसन मागितला. 1997 ची हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, बचावपटू असून मिळवलेली. आमच्या पंथात त्याचं नाव घेताना आवाज खाली येतो. फोनवर पलीकडे शांतता.

"दादा, वुडसन देता येणार नाही."

"का? तुझ्या काय कामाचा?"

"आमच्या फ्रीमॉन्टचा आहे तो. ओहायोत जन्मला, ओहायोत वाढला. तुमच्याकडे फक्त शिकायला आला होता."

"अरे, मग तसं पाहिलं तर..."

"आणि तुमचा 1991 चा हाइजमनवाला, डेस्मंड हॉवर्ड? क्लीव्हलंडचा. तोही आमचाच. मी नवीन फोल्डर सुरू केलाय, 'फक्त आपल्या राज्याचे'. खर्च आटोक्यात राहतो."

बायको स्पीकरवर ऐकत होती. तिला एवढी खुशीत मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून तो लिलावांत माझ्याविरुद्ध बोली लावतो. मला त्याची पद्धत माहीत आहे, शेवटच्या काही सेकंदांत घुसतो. काल वुडसनच्या एका निळ्या कार्डासाठी मी घड्याळ लावून, चार्जर जोडून, बायकोला टीव्हीचा आवाज कमी करायला लावून बसलो होतो. एका डॉलरने गेलं. मिनिटभरात त्याचा निरोप आला, "दादा, लेकरू घरी आलं."