इंजिन हीटर मागवण्याआधी बॅटरीच्या तारा बघा

थंडी पडली की शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: जुना ट्रॅक्टर सकाळी चालू होत नाही तो गारठ्यामुळे, १५०० वॅटचा इंजिन हीटर ऑनलाइन मागवा, तो कुठल्याही ट्रॅक्टरला बसतो, रात्रभर लावून ठेवा, वीज नावापुरती जळते, आणि हीटर येईपर्यंत ऑइल चेंबरखाली निखाऱ्यांची पाटी सरकवा. मला तो चार जणांनी पाठवला. त्यातल्या एकाने हीटर मागवलासुद्धा, म्हणून हे लिहायला बसलो.

पहिला मुद्दा, गारठ्याचा. जळगाव-धुळ्याची थंडी म्हणजे पहाटे ८-१० अंश. कडाका पडला तर धुळ्यात पारा ५-६ पर्यंत उतरतो, अक्कलकुव्याकडे डाब गावात तर गवतावरचं दव गोठतं. पण हे हीटर निघाले ते शून्याखाली २० अंश थंडी पडते त्या मुलखांसाठी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आतली हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, त्या दाबाने तापते आणि फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पिस्टनच्या रिंगा, वॉल्व्ह धड असतील आणि सेल (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) जोरात फिरत असेल, तर ८ अंशांच्या हवेतही ते पेटायलाच हवं. पेटत नसेल तर दाब गळतोय, फेरे कमी पडताहेत, नाहीतर डिझेल पोचत नाहीये. हा दोष उन्हाळ्यातही असतोच, फक्त तेव्हा निभावून जातं.

हीटर मागवलेला पोरगा आमच्या शेजारच्या मळ्यातला. पहाटे दोन तास तापवून झाल्यावर दारात आला, "काका, हाऊ तरी बी चालू व्हत नही." केळीचा माल भरायला गाडी येऊन उभी, आणि ट्रॅक्टर नुसता कण्हतोय. मीटर घेऊन गेलो. बॅटरी उभी असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. सेल मारताना तिच्या खुंट्यांवर ११ दिसत होते, पण सेलच्या बोल्टवर आणि बॉडीवर टोकं धरली तर जेमतेम ८. मधले तीन व्होल्ट वाटेतच खाल्ले जात होते. चेसिसला लागलेली अर्थिंगची जाड तार सोडवली, तर बोल्टखाली रंगाचा पापुद्रा आणि गंज. पॉलिश पेपरने घासून लखलखीत केलं, खुंट्यांवरची पांढरी-हिरवी भुकटी खाण्याचा सोडा टाकलेल्या गरम पाण्याने धुतली, सगळं कसलं. दुसऱ्या दिवशी पहाटे हीटरला हात न लावता दुसऱ्या सेलला ट्रॅक्टर चालू.

सेल मारताना सायलेन्सरकडे बघत जा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाहीये. मग दाब, डिझेल फवारणारं नोझल, सेलचे फेरे तपासायचे. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही, डिझेलच्या पाइपात हवा शिरतेय किंवा फिल्टर तुंबलाय. मे महिन्यात भरून ठेवलेल्या ड्रममधलं डिझेल वापरत असाल तर इथे जास्त लक्ष द्या. आपल्याकडच्या मानकानुसार हिवाळी डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून गेलं पाहिजे, उन्हाळी डिझेलसाठी मात्र ही मर्यादा १८ अंश आहे. त्याखाली त्यात मेणाचे कण धरू शकतात. इंजिनाचा हीटर टाकी तापवत नाही आणि फिल्टरही नाही.

आता १५०० वॅट. इंजिनाचं ३०० किलो लोखंड आणि १० लिटर पाणी धरलं, तर ५०० वॅट दीड तासात त्याला दहा-बारा अंशांनी वर आणतात. ८ वरून २० वर आलं, आपल्याला पुरे. जास्त वॅटच्या कॉइलभोवती पाणी जागच्या जागी उकळतं, आणि रेडिएटरला बोअरचं जड पाणी असेल तर क्षार बसून कॉइल जळते. त्याहून महत्त्वाचं, खोक्यावरचे व्होल्ट वाचा. अमेरिकेसाठी बनलेले कित्येक हीटर १२० व्होल्टचे असतात. तो २३० वर लावला की साडेतीन पटींहून जास्त ताकद ओढतो आणि जळतो.

"कुठल्याही ट्रॅक्टरला बसतो" हे साफ चूक आहे. आयशर २४२ हवेवर थंड होणारा. त्यात पाणीच नाही, तर पाण्याचा हीटर बसवणार कुठे? ब्लॉकच्या प्लगच्या जागी बसणाऱ्या हीटरला त्या भोकाचा नेमका व्यास लागतो. रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये बसणारा सोपा, पण होजचं माप जुळायला हवं आणि आत हवा अडकता कामा नये. चुंबकाचा चेंबरखाली चिकटवतात, तो फक्त ऑइल तापवतो. काही जुन्या इंजिनांत हवेच्या वाटेवर थर्मोस्टार्ट, म्हणजे आत जाणारी हवा तापवणारी लालभडक कॉइल, कंपनीनेच दिलेला असतो. किल्लीला तशी खूण असेल तर आधी तोच चालतोय का बघा.

रात्रभर १५०० वॅट म्हणजे दहा तासांत १५ युनिट. ते सोडा, मला धास्ती वेगळीच आहे. ट्रॅक्टर रबरी टायरवर उभा असतो. हीटरमधून करंट बॉडीत उतरला तर जमिनीत जायला वाटच मिळत नाही, आणि ओल्या मातीत अनवाणी उभा माणूस बोनेटला हात लावतो तेव्हा ती वाट तो स्वतः होतो. तीन पिनांचा प्लग, खरीखुरी अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा गळतीवर तुटणारा स्विच, यातलं एक जरी कमी असेल तर हीटर लावू नका. चालू करायच्या दीड-दोन तास आधी लावा आणि ट्रॅक्टरला हात लावण्याआधी पिन काढा.

निखाऱ्यांची पाटी तर नकोच. चेंबरभोवती वर्षानुवर्षांचं ऑइल-मातीचं कीट असतं, वर गळका डिझेल पाइप आणि उघड्या वायरी. एअर क्लीनरशी पेट्रोलचा बोळा किंवा इथरचा फवाराही नको, रिंगा आणि पिस्टन फुटतात. थर्मोस्टार्ट असेल तर भडकाच.

ऊबच द्यायची तर रेडिएटरमध्ये साधं पाणी असेल ते संध्याकाळी कॉक उघडून काढा आणि टोपणाला चिठ्ठी बांधा, म्हणजे कोणी कोरडाच चालू करणार नाही. सकाळी बंबातलं अंघोळीहून थोडं कडक पाणी हळूहळू भरा, उकळतं नको. दहा मिनिटं थांबून सेल मारा. तरी चालू झाला नाही तर फिटरकडून कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. हीटरचे पैसे रिंगांना लागतील.