स्थानिक जेवतात तिथेच जेवा

गोव्यात पाऊल ठेवल्याबरोबर विचारायचा प्रश्न एकच: "इथले स्थानिक कुठे जेवतात?" चांगलं हॉटेल कुठलं, असं चुकूनही विचारू नका. तसं पर्यटक विचारतात. तुमच्या शर्टावर माड छापलेले असतील, डोक्यावर गवती टोपी असेल, पण तुम्ही पर्यटक नाही. तुम्हाला 'खरा गोवा' हवाय. प्रश्न कुणालाही विचारा. स्कूटर भाड्याने देणारा पोरगा, लॉजचा मॅनेजर, किनाऱ्यावर शहाळी सोलणारा, कुणीही चालेल. तो गेल्या गणपतीनंतर इथे आलेला असला तरी बिघडत नाही. हा प्रश्न त्याला इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर तोंडपाठ आहे, आणि बहुधा त्या उत्तरात त्याचं कमिशनही आहे.

खरी पंचाईत होते ती हा प्रश्न एखाद्या पणजीकराच्या वाट्याला आला तर. तो बावरतो. कारण स्थानिक जेवतो घरी. दुपारी एकच्या सुमाराला दुकानाचं शटर ओढतो, घरी जाऊन शीत-कडी, म्हणजे भात आणि माशाची आमटी, जेवतो, जरा आडवा होतो आणि चारला परत येतो. हॉटेलात तो हमखास सापडतो तो सोमवारी. सोमवारी घरात शिवराक, म्हणजे शाकाहारी, नुस्त्याचा (मासळीचा) वाससुद्धा नाही. मग गृहस्थ 'ऑफिसात काम निघालं' असं कळवतात आणि बाहेरच्या बाहेर थाळी उरकतात. तेव्हा अस्सल स्थानिकाच्या मांडीला मांडी लावून जेवायचं असेल तर सोमवार गाठा. फोटो मात्र काढू नका. तो त्याच्या घरी पोचला तर एका संसाराचं पाप तुमच्या माथी.

पण पाहुण्याला 'घरी' असं उत्तर देता येत नाही, पाहुणा लगेच पत्ता विचारतो. म्हणून पणजीकर ठरलेली नावं सांगून मोकळा होतो: मासे खायचे तर अठरा जून रस्त्यावरचं रिट्झ क्लासिक, सकाळची भाजी खायची तर कॅफे टाटो नाहीतर कॅफे भोसले. (१९४६ साली १८ जूनला राममनोहर लोहियांनी मडगावात पोर्तुगीज सरकारची सभाबंदी मोडली, त्याची आठवण म्हणून या रस्त्याचं नाव. आता त्यावर मोडली जाते ती पार्किंगबंदी.) नावं वाईट नाहीत, चांगलीच आहेत. अडचण एवढीच की ती सगळ्या गोव्याने सगळ्या महाराष्ट्राला सांगून झाली आहेत. रविवारी दुपारी दारातली रांग पाहिली की स्वारगेटला उतरल्यासारखं वाटतं. रांगेत उभे राहा आणि पुढच्या कुटुंबाला विचारा, "तुम्ही इथलेच का?" ते चिंचवडचे निघतील. त्यांनीही तुमच्याकडे त्याच आशेने पाहिलेलं असेल.

वेळेचं म्हणाल तर साडेतीनला पोचा. सकाळी किल्ला, मग जलक्रीडा, मग आंघोळ, मग निघणं. साडेतीनच्या आत जमणं शक्यही नाही. तोवर आचारी झोपलेला असतो आणि वेटर पंखा बंद करून दारात उभा असतो. "शीत सोंपलां," असं तो सांगेल. इथे आवाज चढवायला विसरू नका. अतिथी देवो भव हे त्याला कुणीतरी शिकवायला हवं, आणि तुमच्याइतका मोकळा वेळ दुसऱ्या कुणाकडे आहे?

थाळी मागवण्याआधी "आयज नुस्तें कितें?" असं विचारायची इथे रीत आहे. तुम्ही कशाला विचारताय? जगात मासे तीन: सुरमई, पापलेट आणि कोळंबी. वेटरने शेवटे, लेपो, मुडदुशी, चोणक अशी नावं घेतली तर तो उरलेला माल तुमच्या गळ्यात मारतोय, असं खुशाल समजा. तारली तर टेबलाजवळ फिरकू देऊ नका. तिला काटे असतात, शिवाय ती स्वस्त असते. स्वस्त गोष्ट खायला कुणी पाचशे किलोमीटर गाडी हाकत येतं का? इथल्या घरांत आठवड्यातले निम्मे दिवस बांगडा आणि तारलीच शिजते, ही क्षुल्लक बाब तुमच्या स्थानिक जेवणाच्या शोधात आडवी येऊ देऊ नका.

सुरमई ताजीच हवी आणि ती जुलैतच हवी, हा आग्रहही सोडू नका. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, मासळीच्या विणीचा काळ म्हणून. पण बंदी बोटींना आहे, तुम्हाला नाही. पावसाळी पॅकेज घासाघीस करून घेतलंय, त्यात मासे मिळायलाच हवेत. वेटरला विचारा, "फ्रेश आहे ना?" तो म्हणेल, "एकदम फ्रेश." यात खोटं काही नाही. फ्रीझरमधून आत्ताच काढलेली असते.

आम्हा गोवेकरांची समज या बाबतीत तुमच्यापेक्षा फार वरची आहे, असं मात्र नाही. २०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक मासळी बाजारात अन्न व औषध प्रशासनाचा छापा पडला आणि मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे घातक रसायन लावतात, असं प्रकरण पेटलं. सरकारने परराज्यांतून येणारी मासळी काही दिवस बंद केली. तेव्हा कुठे लोकांच्या ध्यानात आलं की आपण ज्याला अभिमानाने 'आमचं नुस्तें' म्हणतो, त्यातलं बरंचसं ट्रकात बसून येतं. फार मोठा संताप झाला. ज्यांच्या घरी नुस्त्याशिवाय घास उतरत नाही अशी माणसं अंडी खाऊ लागली. मग श्रावण लागला, त्यात बऱ्याच घरांत तसंही खायचं नव्हतं. श्रावण संपेपर्यंत संतापही संपला.

थाळी आली की आधी फोटो, हुमणावर, म्हणजे माशाच्या आमटीवर, साय धरेपर्यंत. मग भाताकडे वळा. दाणा जाडा आहे, तांबूस आहे, म्हणजे रेशनचाच असणार; परत पाठवा आणि बासमती मागा. (मिळतो. पाहुण्यांनी इतकी वर्षं मागितला की ठेवायलाच लागले.) उकड्या तांदळाच्या शितावर हुमण जसं बसतं तसं बासमतीवर बसत नाही, ते ताटभर पळत सुटतं, पण तुम्हाला तरी कुठे बसून राहायचंय? वाटीत एक तपकिरी चुरा असेल, ती किसमूर. सुकी सुंगटं (कोळंबी) भाजून त्यात खोबरं आणि कांदा घातलेला असतो. पावसात बाजार रिकामा असतो तेव्हा या सुक्या सुंगटांवर घरं निघतात. तुम्ही नाक मुरडून ती वाटी बाजूला सारा. वास येतो, आणि वास आलेला फोटोत दिसत नाही, तेव्हा तिचा काही उपयोग नाही.

कोल्हापूरकरांनी हुमण 'जरा झणझणीत' करून मागावं. त्यात नारळ असतो, आंबटाला सोलं असतात, बांगडा असेल तर तिरफळं असतात. या सगळ्याचा तोल कुणी तरी सकाळी उठून सांभाळलेला असतो. वेटर वाटी आत नेईल, वर चमचाभर मिरचीपूड भुरभुरून परत आणेल. तुम्ही खूश, तो खूश. शेवटी बिल येण्याच्या बेताला सांगायचं, "आमच्या मालवणात हीच थाळी निम्म्या किमतीत मिळते." सगळे सांगतात. हे ऐकल्याशिवाय बिल आणायचं त्यालाही सुचत नाही.

बरोबर एखाद्या काकू प्युअर व्हेज असतील तर चिंता नको. पणजीत शुद्ध शाकाहारी पाट्या भरपूर आहेत. आत डोसा आहे, पनीर बटर मसाला आहे, जे काही तुम्ही गावी टाकून आलात ते सगळं आहे. गोव्याची स्वतःची शिवराक रांधप आहे, तिरफळ घातलेलं खतखतं, मुगागाठी, आळसांद्यांचं तोंडाक आणि शेवटी मणगणं; फक्त ती मेनूकार्डावर क्वचितच सापडते. ती मिळते चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, कुणाच्या घरी, नाहीतर फोंडा तालुक्यातल्या एखाद्या देवळात महाप्रसादाच्या पंगतीला. पण देवळात तुम्ही थांबणार कसे? ड्रायव्हर घाई करत असतो, पुढे अस्सल गोवन जेवण गाठायचं असतं.

सकाळच्या कॅफेत गेलात तर पावभाजी मागा आणि लोणी तरंगणाऱ्या तव्याची वाट पाहत बसा. येईल ती वाटीभर पातळ भाजी, वाटाण्याची नाहीतर आळसांद्यांची, सोबत पाव आणि हौस असेल तर मिरची भजी. फसवणूक झाली म्हणून रेटिंग द्या, एक तारा. तुमच्या टेबलावरच्या रिकाम्या खुर्चीत एखादा अनोळखी म्हातारा पेपर घेऊन येऊन बसेल. न विचारता. हा अतिक्रमणाचा प्रकार नसून इथली पद्धत आहे. त्याला तुमच्याशी बोलायचं नाही, त्याला भाजी खायची आहे. इतक्या जवळून बसलेला स्थानिक तुम्हाला पुन्हा मिळणार नाही, तेव्हा ताबडतोब दुसरं टेबल मागून घ्या.

पोदेराचा भोंगा पहाटे झोपमोड करतो, याची तक्रार मात्र लॉजवर जरूर नोंदवा. सायकलवर टोपली बांधून तो दारोदार पाव, उंडे आणि पोय विकतो. ज्या 'गावठी गव्हाच्या पोय'साठी तुम्ही रात्री हॉटेलात वेगळे पैसे मोजता, ती हाच सकाळी तुमच्या खिडकीखालून घेऊन गेलेला असतो.

रात्री फोंतेन्हास, पणजीतली जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती. तिथल्या घरांत माणसं राहतात, आणि फोटो काढू नका अशा पाट्या त्यांनी लावल्या आहेत. त्या पाट्या फोटोत फार छान येतात. जेवायला मंद दिव्यांचं, जुन्या घरातलं ठिकाण निवडा आणि अगदी मातीतलं, पारंपरिक गोवन काहीतरी मागवा. काफ्रियाल येईल, ते आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींकडून आलेलं. बालचांव येईल, त्याचं नातं मकावशी सांगतात. विंदाल्हो तर थेट पोर्तुगालच्या लसूण-व्हिनेगरातून उतरलेला. खाऊन झाल्यावर डोळे मिटून म्हणा, "ही खरी या मातीची चव." (चव खरंच या मातीचीच झाली आहे, तो भाग वेगळा.) डिसेंबरात हुर्राक, म्हणजे काजूची दारू, मागायला विसरू नका. तो काजूच्या मोसमात, उन्हाळ्यात निघतो, पण बाटली देणारा कुणी तरी निघेलच. त्यात काय आहे हे फक्त त्याला आणि देवाला ठाऊक.

संध्याकाळी रस्त्याकडेला दिवे लावून गाडे उभे राहतात. तिथे रोस ऑम्लेट मिळतं: ऑम्लेटवर शाकुतीचा गरम रोस (रस्सा) ओततात, वर कांदा आणि लिंबू, बरोबर पाव. स्थानिक बाहेर उभा राहून, न लाजता, घरी न सांगता जे खातो ते हे. पण इथे बसायला जागा नाही, एसी नाही, नावाची पाटीही धड नाही. तुम्ही पुढे जा.

आणि सगळं घरदार घेऊन, चांगले कपडे घालून गोवेकर रविवारी रात्री हॉटेलात जातो, तेव्हा काय मागवतो हे ऐकलंत तर तुमचा शोध एका रात्रीत संपेल. मंचाव सूप. हक्का नूडल्स. चिली चिकन. शिवराक आजीसाठी गोबी मंचुरियन. घरी रोज हुमण जेवणारा माणूस पैसे मोजून पुन्हा हुमण कशाला जेवेल? जत्रेतसुद्धा खाजं घरी न्यायला, तिथल्या तिथे खायला मंचुरियन. प्रकरण इतकं वाढलं की २०२४ च्या सुरुवातीला म्हापसा पालिकेने गाड्यांवरच्या गोबी मंचुरियनवर बंदीच आणली. कृत्रिम रंग आणि अस्वच्छता ही कारणं. आपल्या स्वयंपाकाचा एवढा मान राखणारं दुसरं राज्य दाखवा. तेव्हा स्थानिकांसारखंच जेवायचं असेल तर शेजवान राइस मागवा आणि वर 'तिखट जरा कमी' असं सांगा.

वडापावाचं काय, हा प्रश्न शेवटी उरतोच. २०२५ च्या फेब्रुवारीत कळंगुटचे आमदार मायकल लोबो यांनी पर्यटक घटल्याची जी कारणं दिली, त्यांत किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये मिळणारा वडापाव आणि इडली-सांबार हेही होते. पलीकडे मराठी मनं दुखावली गेली. दुखावू नयेत. पाव पोर्तुगीजांनी आणला, बटाटा त्यांनीच, मिरचीही त्यांच्याच गलबतांतून उतरली. बेसन तेवढं आपलं. वडापाव मुंबईमार्गे आला म्हणून त्याला परका ठरवायचं असेल, तर मग काफ्रियाललाही रहिवासी दाखला मागावा लागेल. शॅकमध्ये बिनधास्त मागा. त्यातही स्थानिक काहीतरी हवंच असेल तर चटणीऐवजी आत माशात भरायचा तांबडा रेशाद मसाला भरून मागा. गोव्यात तसं कुणी खात नाही, पण पुढच्या मोसमात तेच मेनूवर 'आजीच्या हातचा पारंपरिक गोवन वडापाव' म्हणून छापलेलं सापडेल. तेव्हा किंमत आधी विचारून घ्या.