एका मिक्सरपायी साडेतीन वर्षं मेल

काल रविवारची अख्खी दुपार बाबांचा ईमेल साफ करण्यात गेली. झालं असं की त्यांच्या पेन्शनच्या कामाचा एक मेल यायचा होता आणि तो काही केल्या येईना, फोन केला तर समोरचे म्हणतात आम्ही पाठवला पण तुमच्याकडून परत आला. उघडून बघतो तर स्टोरेज फुल! जीमेलचे ते फुकटातले १५ जीबी, त्यातली बरीच जागा नातवंडांच्या फोटोंनीच खाल्लेली हे खरं, पण इनबॉक्समध्ये न वाचलेले मेल किती, तर अकरा हजारांच्या वर. आणि त्यात कामाचे शोधून काढले तर दोनशे पण नसतील.

बाबांना म्हटलं एवढ्या दुकानांना ईमेल दिला कशाला? तर म्हणे, "अरे मिक्सर घेतला तेव्हा काउंटरवरच्या पोरीनं विचारला, तोंडावर नाही कसं म्हणायचं?" झालं. एक मिक्सर, त्यावर साडेतीन वर्षं मेल. मग त्याच्या मागोमाग प्लॉटवाले, मेडिक्लेमवाले, पर्सनल लोनवाले, ह्यांना पत्ता कुणी दिला देवाला ठाऊक. अनसबस्क्राइब दाबलं तर एक पठ्ठ्या म्हणतो आधी लॉगिन करा. बाबांनी तिथं अकाउंट काढलंच नाही कधी, पासवर्ड कुठून आणू?

आता गंमत बघा. हाच माणूस फोन करून किंवा एसएमएस टाकून पिडत असता तर १९०९ वर तक्रार करता आली असती, डीएनडी लावता आलं असतं. मी केल्यात तक्रारी, कधी काही होतं कधी काहीच होत नाही, पण निदान ठोठवायला दार तरी आहे. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्यांचे २०१८ चे नियम आहेत त्यासाठी. पण ते नियम व्हॉइस कॉल आणि एसएमएसपुरतेच! ईमेल त्यात नाहीच, आणि नकोशा जाहिरातींच्या मेलसाठी वेगळा असा कायदाच आपल्याकडे नाही.

एक होतं तसं थोडंसं. आयटी कायद्याचं ते कुप्रसिद्ध ६६ अ कलम, त्याच्या एका उपकलमात त्रास द्यायला पाठवलेले किंवा कुठून आला याबद्दल फसवणारे ईमेल येत होते. पण ते कलम वापरलं कुणावर गेलं? २०१२ मध्ये आपल्या पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, एकीनं फेसबुकवर पोस्ट टाकली आणि दुसरीनं लाइक केली म्हणून. २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टानं ते कलम रद्द केलं आणि बरंच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त नंतर ईमेलपुरतं नीट काहीतरी लिहायला कुणी बसलंच नाही.

अमेरिकेत २००३ साली कॅन-स्पॅम नावाचा कायदा झाला. नावावरून वाटतं स्पॅम डब्यात बंद करणार, पण तिथलेच लोक त्याला 'यू कॅन स्पॅम' म्हणून हिणवायला लागले, कारण कायदा म्हणतो न विचारता मेल पाठवा खुशाल, फक्त विषय खोटा लिहू नका, टपालाचा पत्ता द्या आणि कुणी नको म्हटलं की कामाच्या १० दिवसांत थांबा. दंड जबरदस्त आहे, एका मेलमागे ५० हजार डॉलरच्या वर जाऊ शकतो, पण साध्या माणसाला स्वतः दावा लावता येत नाही. कॅलिफोर्नियानं आधी विचारा मग पाठवा असा कडक कायदा केला होता, तो लागू व्हायच्या आतच ह्या केंद्राच्या कायद्यानं खाऊन टाकला. आणि त्याच सुमारास, जानेवारी २००४ मध्ये, बिल गेट्स सांगत होते की दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटेल 😄

युरोपनं २००२ लाच उलटं धरलं. आधी विचारायचं. जुन्या गिऱ्हाइकाला त्याच प्रकारच्या मालाची जाहिरात पाठवायची मुभा आहे, पण प्रत्येक वेळी नको म्हणायची सोय द्यायलाच लागते. मला हेच पटतं. माझी मामेबहीण दिवाळीचा फराळ परदेशात पाठवते, तिनं गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांना मेल टाकला तर कुणाला त्रास? अशा कायद्यात ती सहज बसते. मिक्सरच्या बिलावरनं प्लॉट विकणारा नाही बसत.

आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात एक वाक्य चांगलं आहे, संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. पण त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला वर आणखी १८ महिने. तोवर आम्ही बसतो डिलीट करत.

लोक म्हणतील खरे भामटे कुठल्या तरी देशात बसलेत, ते काय तुमचा कायदा वाचणार? नाहीच वाचणार. मी त्यांच्याबद्दल बोलतच नाहीये. ज्याच्या बिलावर जीएसटी नंबर छापलाय तो कुठे पळून जाणारे?

आणि कुणी म्हणेल कायदा कशाला, फिल्टर आहे की. हो, आहे. पेन्शनवाल्यांनी आज सकाळी परत मेल पाठवला, बाबा आणि मी अर्धा तास शोधत होतो, शेवटी सापडला स्पॅममध्ये.