छऱ्याची बंदूक खेळणे नव्हे

‘छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही, म्हणजे ते खेळणेच, छऱ्याने फार तर खरचटते, आणि बंदूक रिकामी असली, तर मुलांच्या हाती द्यायला हरकत काय?’ असा मजकूर सुट्ट्या लागल्या की पालकांच्या गटांत हमखास फिरतो. स्वप्नील कुसळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवल्यापासून आमच्याकडे मुलांना घेऊन येणारे पालकही हेच ऐकवतात, म्हणून त्याचे उत्तर द्यायला हवे.

परवान्याचे म्हणणे खरे आहे, निष्कर्ष चुकीचा. शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई, म्हणजे छऱ्याच्या, बंदुकीला परवाना लागत नाही. पण ही सूट कागदापुरती आहे, छऱ्याचा मार त्याने कमी होत नाही.

‘फार तर खरचटते’ हे तर धडधडीत खोटे आहे. दहा मीटर अंतराच्या स्पर्धेत वापरतात त्या हवाई रायफलीतून जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सुटतो, कातडी भेदायला याहून बराच कमी वेग पुरतो आणि डोळा फुटायला त्याहूनही कमी. गच्चीवर भिंतीपुढे डबा ठेवून नेम धरला, तर छर्रा उलटूनही येतो.

सर्वांत घातक शब्द ‘रिकामी’ हा आहे. छर्रा अंगठ्याने नळीच्या मागच्या तोंडात दाबून बंदूक मिटली, की आत काही आहे याची कोणतीही खूण बाहेरून दिसत नाही, आणि तेवढ्यात कोणी हाक मारली तर भरणाराही विसरतो. म्हणूनच स्पर्धेत नळीच्या पूर्ण लांबीची भडक रंगाची सुरक्षा-दोरी मागून घालतात. तिचे टोक पुढून बाहेर आलेले दिसले, तरच नळी मोकळी मानतात.

मुलांच्या हाती रायफल द्यायला माझीही हरकत नाही, मात्र शिकवणारा शेजारी उभा हवा. परवा एका मुलीचा नेम अचूक दहा गुणांच्या मधल्या वर्तुळावर बसला आणि आईला सांगायला ती रायफल हातात घेऊनच वळली. नळी शेजारच्या तिघांवरून फिरली. छर्रा नुकताच सुटला होता, रायफल खरोखर रिकामी होती, तरीही मी तिला तिथेच थांबवले. तिने नळी निशाण्याकडे वळवली, रायफल टेबलावर ठेवली, दोरी घातली, टोक पाहिले आणि मग आईकडे धावली.