गोदामे भरल्याने पुरवठा साखळी मजबूत होत नाही

‘नव्या काळातील पुरवठा साखळीचे पाच नियम’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या लहान-मोठ्या उद्योजकांमध्ये मोठ्या श्रद्धेने पुढे पाठवला जात आहे. त्यातील नियम थोडक्यात असे आहेत: जस्ट-इन-टाइम (साठा न करता माल गरजेपुरता, गरजेच्या वेळीच मागवण्याची) पद्धत संपली असून प्रत्येक मालाचा सहा महिन्यांचा साठा करावा, प्रत्येक वस्तूसाठी दोन पुरवठादार ठेवले की धोका उरत नाही, सगळी खरेदी देशातच करावी, ब्लॉकचेन (सर्व भागीदारांची सामायिक, परस्पर बदलता न येणारी संगणकीय नोंदवही) आणि एआयची प्रणाली बसवावी, आणि लक्ष फक्त महागड्या मालावर ठेवावे, कारण किरकोळ वस्तू कुठेही मिळतात. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या माझ्या मावसभावाने मला हा संदेश पाठवला आणि सहा महिन्यांचा माल एकदम उचलण्यासाठी आपण कर्जाची चौकशी सुरू केल्याचेही कळवले. एखादा चुकीचा सल्ला केवळ वाचला जातो तोवर तो सोडून देता येतो; त्यासाठी कोणी कर्ज काढू लागले की त्याला उत्तर द्यावेच लागते.

पहिला नियम सर्वांत घातक आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो. ‘खुद्द टोयोटाने जस्ट-इन-टाइम सोडून दिले’ हा या नियमासाठी दिलेला एकमेव पुरावा आहे आणि तो अर्धवट आहे. जपानमधील मार्च २०११ च्या भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर टोयोटाने प्रथम आपल्या पुरवठादारांचे आणि त्या पुरवठादारांच्या पुरवठादारांचे जाळे तपशीलवार नोंदवून काढले, आणि त्यातून कोणते भाग बंद पडल्यास ते परत मिळायला सर्वाधिक काळ लागेल हे ठरवले. सेमीकंडक्टर चिप हा असा भाग असल्याचे दिसल्यावर चिप मागवल्यापासून हाती पडेपर्यंत लागणाऱ्या काळानुसार दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांनी बाळगावा, अशी व्यवस्था तिने केली. बाकीच्या असंख्य भागांसाठी जस्ट-इन-टाइम जसेच्या तसे चालू राहिले. संदेशाच्या लेखकाने ‘सहा महिने’ एवढा आकडा उचलला आणि ज्या विचारातून तो आला तो विचार गाळून टाकला. शिवाय त्या साठ्याने टोयोटालाही केवळ वेळ मिळवून दिला: २०२१ च्या सुरुवातीला इतर वाहन कंपन्यांचे कारखाने चिपअभावी थांबत असताना ती टिकून राहिली, पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरसाठी तिलाही जगभरातील नियोजित उत्पादनात सुमारे ४० टक्के कपात जाहीर करावी लागली.

सरसकट साठ्याची किंमत काय असते, हे संगणक-नेटवर्कची उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीने २००१ मध्ये अनुभवले. तेजीच्या काळात सुट्या भागांची टंचाई होती, म्हणून कंपनीने पुरवठादारांना आगाऊ खरेदीची हमी देऊन माल बांधून ठेवला. मागणी कोसळली तेव्हा सुमारे २.२ अब्ज डॉलरचा साठा हिशेबातून निर्लेखित करावा लागला. सिस्कोकडे तो घाव सोसण्याइतके भांडवल होते. छोट्या कारखान्याकडे ते नसते. त्याचे खेळते भांडवल एकदा लोखंडात आणि खोक्यांत अडकले, की त्यावर व्याज चढत राहते, ग्राहक रचना बदलतो, मालाची मुदत संपते किंवा त्यावर गंज चढतो. आणि ज्या दिवशी साठ्यात नसलेला एखादाच भाग जास्त भावाने पण तातडीने घ्यायचा असतो, त्या दिवशी नेमका पैसा हाती नसतो. यंत्राला शंभर भाग लागत असतील तर नव्याण्णव भागांचा सहा महिन्यांचा साठा त्या एका भागाची उणीव भरून काढत नाही.

आणखी एक परिणाम संदेशात कुठेच नाही. प्रत्येकाने घाबरून दुप्पट मागणी नोंदवली, की साखळीत वर जाताना ती मागणी फुगत जाते आणि घबराट ओसरली की तेवढ्याच वेगाने कोसळते. या शास्त्रात त्याला बुलव्हिप परिणाम म्हणतात. २०२० मध्ये वाहन कंपन्यांनी विक्री थांबेल या भीतीने चिपच्या मागण्या रद्द केल्या आणि ती उत्पादनक्षमता संगणक व इतर इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उत्पादकांनी घेतली. काही महिन्यांत वाहनांची मागणी परतली, तेव्हा या कंपन्यांना रांगेच्या शेवटी उभे राहावे लागले. त्या टंचाईचे मोठे कारण मागणीचा हा हेलकावा होता, आणि सर्वांनी एकाच वेळी सहा महिन्यांचा माल उचलणे म्हणजे असाच हेलकावा स्वतःहून निर्माण करणे.

‘किरकोळ वस्तू कुठेही मिळतात’ हा पाचवा नियम तर मला सर्वांत अविचारी वाटतो, कारण या विषयावरील सर्वांत भक्कम अभ्यास नेमके उलट सांगतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक डेव्हिड सिम्ची-लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्ड कंपनीची संपूर्ण पुरवठा साखळी तपासली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एखाद्या पुरवठादाराकडून वर्षाला किती रकमेची खरेदी होते आणि तो बंद पडल्यास कंपनीचे किती नुकसान होते, यांत त्यांना संबंध आढळला नाही; उलट सर्वाधिक नुकसान घडवू शकणारी अनेक ठिकाणे अशी निघाली, जिथून होणारी खरेदी तुलनेने क्षुल्लक होती. महागड्या मालावर सर्वांचेच लक्ष असते, म्हणून त्याची पर्यायी सोय आधीच झालेली असते. स्वस्त भागाकडे कोणी पाहत नाही. याच कामातून दोन साधी मोजमापे पुढे आली: पुरवठादार बंद पडल्यावर पुरवठा पूर्ववत व्हायला लागणारा काळ, आणि त्या भागाविना आपण तग धरू शकतो तो काळ. पहिला काळ दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तिथे धोका आहे, आणि साठा करायचाच असेल तर तो तिथे, तेवढ्याच फरकाचा करावा. यासाठी कर्ज लागत नाही. आपल्या मालाची यादी, प्रत्येक पुरवठादाराला विचारलेला एक स्पष्ट प्रश्न आणि काही दिवसांची चिकाटी लागते.

टोयोटाच्याच इतिहासात याचे ठळक उदाहरण आहे. ब्रेकमधील दाब नियंत्रित करणारा एक छोटा, स्वस्त व्हॉल्व्ह ती जवळजवळ पूर्णपणे आयसिन सेकी कंपनीच्या एकाच कारखान्यातून घेत असे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी त्या कारखान्याला आग लागली आणि टोयोटाचे जपानमधील बहुतेक उत्पादन थांबले. त्या वेळी कामी आली ती माणसे आणि माहिती: व्हॉल्व्हचे आराखडे ताबडतोब खुले करण्यात आले, हा भाग पूर्वी कधीही न बनवलेल्या अनेक कारखान्यांनी, त्यांत शिलाई यंत्रे बनवणाऱ्या ब्रदर या कंपनीनेही, आपापली यंत्रे त्या कामाला लावली, आणि सुमारे आठवडाभरात उत्पादन पुन्हा मार्गी लागले. पुरवठादाराची देणी महिनोन्महिने थकवणाऱ्या आणि पैशापैशासाठी त्याला बदलणाऱ्या कंपनीसाठी रविवारी कोणी यंत्र चालू करत नाही. ही गोष्ट पाच नियमांच्या यादीत असायला हवी होती.

दोन पुरवठादारांच्या नियमात अर्धे तथ्य आहे, हे मान्य करावे लागेल. मार्च २००० मध्ये अमेरिकेतील अल्बुकर्क येथील फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून छोटी आग लागली, तेव्हा त्या चिप वापरणाऱ्या मोबाइल कंपन्यांपैकी नोकियाने झपाट्याने पर्यायी पुरवठा उभा केला आणि त्या चिपसाठी दुसरा स्रोत नसलेल्या एरिक्सनला सुमारे ४० कोटी डॉलरचा फटका बसला. परंतु दुसरा पुरवठादार कोणावर अवलंबून आहे हे माहीत नसेल, तर दोन हा आकडा फसवा ठरतो. २०११ मध्ये थायलंडच्या पुरात हार्ड डिस्क बनवणाऱ्या वेस्टर्न डिजिटलचे कारखाने पाण्याखाली गेले. तिची प्रतिस्पर्धी सीगेटचे कारखाने कोरडे होते, तरी तिचेही उत्पादन घटले, कारण सुटे भाग बनवणारे कारखाने त्याच पुरात सापडले होते.

देशांतर्गत खरेदीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. अमेरिकेत विकले जाणारे बाळांसाठीचे तयार दूध (फॉर्म्युला) जवळजवळ सर्व तिथेच बनत होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये मिशिगनमधील ॲबटचा एक कारखाना दूषिततेच्या शंकेमुळे बंद झाला आणि काही महिन्यांत सरकारला परदेशांतून विमानाने दूध आणावे लागले. जवळचा माल लवकर पोहोचतो, हा त्याचा खरा लाभ आहे. पण तो एकाच छपराखाली बनत असेल तर देशाच्या सीमेने काही फरक पडत नाही.

राहिला ब्लॉकचेन आणि एआयचा नियम. जहाजवाहतूक कंपनी मेर्स्क आणि संगणक कंपनी आयबीएम यांनी मिळून उभारलेला ट्रेडलेन्स हा ब्लॉकचेनवरील जहाजवाहतूक मंच पुरेसे सहकार्य न मिळाल्याने बंद करण्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले, आणि या दोन कंपन्यांकडे पैसा किंवा तंत्रज्ञ कमी नव्हते. त्याच मेर्स्कची संगणक यंत्रणा जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या सायबर हल्ल्यात कोलमडली आणि कंपनीचे २० ते ३० कोटी डॉलरचे नुकसान झाले. म्हणजे प्रणाली हासुद्धा एक पुरवठादारच असून तिलाही तीच दोन मोजमापे लावावी लागतात. चांगली प्रणाली उपयोगी पडते, परंतु ती विकत घेण्यापूर्वी कोणता भाग कोणाकडून, कोणत्या कारखान्यातून आणि किती दिवसांत येतो याची अचूक यादी तयार असावी लागते. ती यादी साध्या स्प्रेडशीटमध्येही करता येते, आणि ती चुकीची असेल तर कोणतेही एआय त्याच चुकांवरून अधिक वेगाने चुकीचे अंदाज देईल.