स्कॉलरशिपचा फॉर्म कॅफेत टाकून घरी जाऊ नका

खान्देशात दरवर्षी हेच चालतं. प्रवेश झाला की पोरं स्टँडजवळच्या नेट कॅफेत जातात, शंभर-दोनशे रुपये मोजतात, प्रिंट घेतात, 'स्कॉलरशिपचं झालं' म्हणून घरी येतात. दिवाळी जाते, होळी येते, आणि मग कट्ट्यावर सुरू होतं, "पैसा उनात का रे भो?"

कुणी सरकारला शिव्या घालतं, कुणी कॉलेजच्या क्लार्कला. दोघांचीही चूक असते कधी कधी, नाही असं नाही. पण माझं मत विचाराल तर महाडीबीटीचे (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) निम्मेअधिक घोळ आपण पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने पेरतो आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला ते उगवतात.

पहिला घोळ मोबाइल नंबरचा. नोंदणी करताना घाईत कॅफेवाला स्वतःचा नंबर टाकतो, म्हणजे ओटीपीसाठी तुमची वाट बघायला नको. वर्षभराने तुम्हाला युजरनेम आठवत नाही, पासवर्ड त्याच्या डायरीत, ओटीपी त्याच्या मोबाइलवर, आणि त्याने सिम बदललेलं. मग पोरगं नवीन खातं उघडायला जातं तर आधार आधीच नोंदवलेलं निघतं. म्हणून पहिल्या वर्षीच नंबर स्वतःचा द्या. आधारला वडिलांचा बंद पडलेला नंबर असेल तर आधी आधार केंद्रात तो बदलून घ्या. युजरनेम-पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहा. मोबाइलमधला स्क्रीनशॉट मोबाइलसोबतच जातो.

दुसरा घोळ बँकेचा, आणि हा नीट समजून घ्या. बँकेत आधारची झेरॉक्स दिली, केवायसी झाली, मेसेज आला, म्हणजे शिष्यवृत्ती त्याच खात्यात येईल असं नाही. डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा पैसा खाते नंबर बघून येत नाही, आधार नंबर बघून येतो. बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या यादीत तुमच्या आधारसमोर एका वेळी एकाच बँकेचं नाव असतं. शेवटचं सीडिंग, म्हणजे आधारची खात्याशी जोडणी, जिथे झालं ती बँक. मध्येच कुणाच्या सांगण्यावरून दुसरं खातं उघडलं आणि तिथे डीबीटीसाठी संमतीची टिक केली, की जुनी बँक यादीतून गेली. पैसे आलेले असतात, पण भलत्याच खात्यात, आणि आपण जुनंच पासबुक छापत बसतो. यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' दोन मिनिटांत दिसतं. बँकेचं नाव आणि 'अॅक्टिव्ह' हे दोन्ही बघा. नसेल तर शाखेत सीडिंगचा संमती फॉर्म द्या, किंवा पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खातं काढून तिथे सीडिंग करून घ्या. आणखी एक : शाळेत असताना काढलेलं अर्धवट केवायसीचं 'छोटं खातं' असेल तर त्यात शिल्लक कधीही ५० हजारांच्या वर आणि वर्षभरातली एकूण जमा एक लाखाच्या वर जाऊ शकत नाही. आधी पूर्ण केवायसी करा.

तिसरं, उत्पन्नाचा दाखला. सीईटीच्या गडबडीत फेब्रुवारीत काढलेला दाखला ३१ मार्चला संपतो. जुलैत तोच जोडला की अर्ज परत. एप्रिल उलटल्यावर नवीन दाखला काढा, त्यावरची 'पर्यंत वैध' ही ओळ वाचा आणि बारकोड नंबर फॉर्ममध्ये एकेक आकडा जुळवून टाका. धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबं दिवाळीनंतर कामाला गुजरातेत जातात, मग वडिलांची सही कुठून आणणार? तिकडच्या पोरांनी तर दाखल्याचं काम पावसाळ्यातच उरकावं. तलाठ्याचा अहवाल (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), सेतूची रांग, तहसीलची सही, यात दिवस जातात.

उत्पन्नाच्या मर्यादाही एकच नाहीत. अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाख. राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजनेला आठ लाख, तीही कुटुंबातल्या दोनच अपत्यांना, आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून) झालेला हवा. संस्था स्तरावरच्या कोट्यातून सीट घेतलेल्यांना कुणीतरी 'भरून तर बघ' म्हणतं. नका भरू. मुलींसाठी मात्र ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय प्रिंट काढून जवळ ठेवा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तरीही काउंटरवर 'आधी भरा, मग परत मिळेल' ऐकू येतं. तिथे अदबीने पण ठामपणे तो कागद पुढे करायचा.

फॉर्म भरताना कॉलेजचं नाव सावकाश निवडा. आपल्याकडे एकाच संस्थेचं सीनियर कॉलेज, फार्मसी, इंजिनिअरिंग सगळं असतं, नावं सारखी. चुकीचं टिचकलं की अर्ज दुसऱ्याच लॉगिनला जाऊन पडतो.  'हॉस्टेलर' निवडलं की रेक्टरचं प्रमाणपत्र लागणार. कागद २५६ केबीच्या आत स्कॅन करा, पण इतके दाबू नका की शिक्काच वाचता येणार नाही.

अर्ज टाकला की तो आधी क्लार्ककडे, मग प्राचार्यांकडे, मग खात्याकडे जातो. खातं म्हणजे अनुसूचित जातींसाठी समाजकल्याण, जमातींसाठी यावल, धुळे, नंदुरबार, तळोदा यांपैकी तुमचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय. 'सेंड बॅक' म्हणजे दुरुस्तीला परत आलेल्या अर्जासाठी घरी पत्र येत नाही. दर रविवारी लॉगिन करा. मुदत संपल्यावर कळून काय उपयोग?

आता नूतनीकरण. ते आपोआप होत नाही, आणि नव्याने अर्जही करायचा नसतो. प्रोफाइलमध्ये 'चालू अभ्यासक्रम' उघडा. तिथे प्रथम वर्षाची ओळ अजून 'पर्स्युइंग' (चालू) दिसत असेल. आधी तिचा निकाल भरा, उत्तीर्ण की एटीकेटी ते टाका, गुणपत्रिका जोडा, मग द्वितीय वर्षाची ओळ वाढवा. ही पायरी चुकली की नूतनीकरणाची योजना दिसतच नाही, आणि पोरं घाबरून नवा अर्ज टाकतात. तो पुढे अडकतो. निकाल उशिरा लागला तरी दाखला, सीडिंग, बोनाफाइड ही तयारी जूनमध्येच करून ठेवता येते.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट खात्यात येतो. त्यात कॉलेजच्या फीचाही भाग असतो आणि तो सात दिवसांत कॉलेजला भरायचा असतो. घरात बियाण्याची, खताची ओढ असते, सगळं कबूल. पण पुढच्या वर्षी क्लार्क फी भरल्याची पावतीच आधी मागतो.

बारावीला बोर्डात वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरची केंद्राची योजनाही बघा, पदवीला वर्षाला १२ हजार. तिचं नूतनीकरण ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरीवर होतं. दुसरी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही मिळत नाही, तेव्हा आधी दोन्ही रकमा कागदावर मांडा, मग एक निवडा.