40 घरांच्या गावाकडे 500 गोल्ड येतात कुठून?

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळातला नेहमीचा प्रसंग: गोब्लिनांनी, म्हणजे लुटारू बुटक्या राक्षसांनी, दोन गायी पळवल्या म्हणून गावचा मुखिया पार्टीसमोर, म्हणजे खेळाडूंच्या साहसी टोळीसमोर, 500 गोल्डची, म्हणजे सोन्याच्या नाण्यांची, थैली ठेवतो. गावात 40 घरं, सगळी गवताने शाकारलेली, पोरं अनवाणी. आणि टेबलाभोवतीचा एकही खेळाडू विचारत नाही की हे पैसे आले कुठून! खेळाच्या नियमपुस्तकात गाय 10 गोल्डला आहे. म्हणजे 20 गोल्डच्या नुकसानीसाठी 500 गोल्डचं बक्षीस. कॅम्पेनमागून कॅम्पेन, म्हणजे एका लांबलचक कथेमागून दुसरीत, हेच चाललंय आणि आता हे खरंच डोक्यात जातं. आकडे सगळे छापलेले आहेत, फक्त गुणाकार-भागाकार करायचा असतो. तेवढीही तसदी कोणी घेत नाही.

डंजन्स अँड ड्रॅगन्सची 2014 ची पाचवी आवृत्ती घ्या. 1 गोल्ड म्हणजे 10 सिल्व्हर, 1 सिल्व्हर म्हणजे 10 कॉपर. अकुशल मजुराची मजुरी दिवसाला 2 सिल्व्हर. आता त्याच पुस्तकातला राहणीमानाचा तक्ता बघा. 'गरीब' राहणीचा खर्च दिवसाला 2 सिल्व्हर. बरोब्बर जुळवलंय असं वाटतं ना? पण माणूस खातो 365 दिवस आणि काम मिळतं फार तर 250 दिवस. पाऊस, थंडी, सणवार, आजारपण वजा करा. कमाई 50 गोल्ड, खर्च 73 गोल्ड. एकट्या माणसाला वर्षाला 23 गोल्डचा खड्डा, आणि यात बायको-पोरं धरलेलीच नाहीत. वस्तूंच्या यादीत मात्र गहू 1 कॉपरला पौंड. माणशी दिवसाला 2 पौंड धरले तर पाच जणांचं घर 10 कॉपरमध्ये, म्हणजे अर्ध्या मजुरीत जेवतं. एकाच पुस्तकातले दोन तक्ते एकमेकांशी भांडतायत आणि गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे लोक, डोळे मिटून दोन्ही वापरतायत.

शेतकरी घ्या. तोही खाऊनपिऊन सुखी, 30 एकरवाला. तीनशेती पद्धतीत एक तृतीयांश जमीन पडीक ठेवावी लागते, म्हणजे पेरा 20 एकर. मध्ययुगीन इंग्लंडात गहू पेरलेल्याच्या चौपट आला तरी बरं पीक म्हणायचे. एकरी साधारण 600 पौंड धरा. एकूण 12,000 पौंड. त्यातला चौथा हिस्सा पुढच्या पेरणीचं बी, 3,000 पौंड. त्याला हात लावला की पुढच्या वर्षी उपासमार. धर्मपीठाचा दशांश 1,200. राहिले 7,800. पाच जणांचं घर वर्षाला 3,650 पौंड खातं. शिल्लक 4,150 पौंड, पुस्तकातल्या भावाने साडेएकेचाळीस गोल्ड. यातून जमीनदाराचा खंड, गिरणीवाल्याचा दळणाचा वाटा, मीठ, नांगराचा फाळ, मेलेल्या बैलाच्या जागी दुसरा बैल. पुस्तकात बैल 15 गोल्डला आहे. चांगल्या वर्षी 15-20 गोल्ड उरले तरी डोक्यावरून पाणी. आणि हा गावातला मोठा शेतकरी! पाच एकरवाल्याचं काय होत असेल ते तुम्हीच मांडा.

बरं, हे शिल्लक धान्य आहे, नाणी नाहीत. ते कणगीत पडलेलं असतं. सुगीत सगळ्यांकडे एकदमच असतं, म्हणून भाव पडलेला असतो. खेड्यातला व्यवहार उधारीवर चालतो. सुगीला फेडू, लोकरीच्या कातरणीला फेडू, तोवर काठीवर खाचा पाडून हिशोब. म्हणून 500 गोल्डची थैली हा प्रकारच अशक्य आहे. गावाने खरंच तेवढे जमवले तर ते सोन्यात नसणार, कॉपरमध्ये असणार. 500 गोल्डची 50,000 कॉपर नाणी होतात. नियमानुसार 50 नाण्यांचं वजन एक पौंड, म्हणजे 1,000 पौंड तांबं. मुखियाने ते कमरेला लावलेलं नसतं, त्याला बैलगाडी लागते. खऱ्या मध्ययुगातही सोनं सामान्य माणसाच्या हातात क्वचितच येई. इंग्लंडमध्ये 1344 मध्ये सोन्याचं नोबल नाणं निघालं, किंमत 80 पेन्स. मजुराला दिवसाला दोन-तीन पेन्स मिळायचे. महिनाभराची मजुरी एका नाण्यात! ते घेऊन तो पाव आणायला गेला तर सुट्टे कोण देणार?

गावाला देण्यासारखं खूप असतं, पण ते कोणी मांडतच नाही. वर्षभर घोड्यांना वैरण, हिवाळ्यात आसरा, दोन बैल आणि गाडी, वाटाड्या, पडीक जमीन कायमची पार्टीच्या नावावर, चामडं कमावून देण्याचं वचन. रोख द्यायचीच असेल तर ती सावकाराकडून किंवा धर्मपीठाकडून कर्जाने येईल, आणि मग गहाण काय ठेवलं हे गेम मास्टरला माहीत हवं.

आता लोहाराकडे या, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे. नियम सांगतो की वस्तू बनवायला तिच्या निम्म्या किमतीचा कच्चा माल लागतो आणि काम रोज 5 गोल्ड किमतीइतकं पुढे सरकतं. लांब तलवार 15 गोल्ड, कच्चा माल साडेसात गोल्डचा. लोखंड 1 सिल्व्हरला पौंड. म्हणजे 75 पौंड लोखंड. तलवारीचं वजन? 3 पौंड! पूर्ण पोलादी चिलखत 1,500 गोल्डला, कच्चा माल 750 गोल्डचा, म्हणजे 7,500 पौंड लोखंड, आणि चिलखताचं वजन 65 पौंड. कोळसा धरा, वाया गेलेलं लोखंड धरा, तरी हे जुळत नाही. खरी किंमत असते कौशल्याची आणि वेळेची, आणि नियमात नेमकी तीच बेपत्ता आहे. शिवाय कारागिराला दिवसाला 2 गोल्ड आणि मजुराला 2 सिल्व्हर, दहापट फरक. मध्ययुगात कसलेल्या सुताराला किंवा गवंड्याला मजुराच्या दुप्पट मिळायचे, दहापट नाही. तेव्हा मजुरी सुधारायची तर मजुराचे 2 सिल्व्हर ठेवा, साध्या कारागिराचे 4 करा, उस्तादाचे 6. तलवारीचा कच्चा माल वजनावर मोजा आणि उरलेली किंमत दिवसांच्या मजुरीने भरा.

हे वाचून कोणीतरी हमखास म्हणणार, 'सोपं आहे, सिल्व्हर स्टँडर्ड लावा, गोल्ड दिसेल तिथे सिल्व्हर वाचा.' अरे, सगळीकडे नका लावू! तलवार 15 सिल्व्हर, साडेसात दिवसांची मजुरी, चालेल. चिलखत 1,500 सिल्व्हर, 750 दिवसांची मजुरी, अगदी झकास. पण गायही 10 सिल्व्हरची होते! पाच दिवस राबून गाय मिळत असेल तर त्या जगात गरीब कोणी राहणारच नाही. मूळ यादीत गाय 50 दिवसांच्या मजुरीची आहे आणि ते बरोबर आहे. तेव्हा धान्य, गुरं, मीठ, कापड हे मूळ भावाने राहू द्या. शस्त्रं, चिलखतं, साहसी सामान आणि बक्षिसं दहाने भागा. कोंबडी तेवढी महाग करा, कारण यादीत ती आणि पावाची लादी दोन्ही 2 कॉपरला आहेत. अंडी देणारी कोंबडी त्या भावात कोण विकेल?

हे न केल्याचा परिणाम शहराच्या वेशीवर दिसतो. 'माणशी 1 गोल्ड जकात,' असं पहारेकरी सांगतो. 1 गोल्ड म्हणजे पाच दिवसांची मजुरी, छापील भावाने 50 कोंबड्या. मग शहरात भाजी, दूध, सरपण घेऊन येणार कोण? तिसऱ्या दिवशी शहर उपाशी मरेल. इंग्लंडमध्ये 1380 च्या अखेरीस डोई 12 पेन्स कर लावला, तोवर वाढलेल्या मजुरीने तीन-चार दिवसांची कमाई, तर 1381 मध्ये शेतकरी लंडनवर चालून गेले. इथे रोजच्या रोज त्याहून जास्त उकळलं जातं आणि लोक निमूट रांगेत उभे.

आणि जादू. पहिल्या लेव्हलचा, म्हणजे अगदी नवखा, ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा) गुडबेरी या पोट भरणाऱ्या जादूच्या बोरांच्या मंत्राने रोज 20 माणसं जगवतो. पाचव्या लेव्हलचा ड्रुइड प्लँट ग्रोथ हा पीक वाढवणारा मंत्र आठ तास करून अर्ध्या मैलाच्या त्रिज्येत, म्हणजे सुमारे 500 एकरांत, वर्षभरासाठी पीक दुप्पट करतो. एका दिवसाच्या कामात अख्ख्या गावाची शेती! असे ड्रुइड जगात असतील तर वरचा सगळा हिशोब बदलतो, आणि तो कसा बदलतो हे ठरवणं गेम मास्टरचं काम आहे. किती ड्रुइड आहेत, एका फेरीचे किती घेतात, पैसे शेतकरी देतो की जमीनदार. जमीनदार देत असेल तर वाढलेलं पीक तोच खंडात ओढेल. शेतकरी वर्गणी काढत असतील तर दोन वर्षांत बाजारात गहू अर्ध्या कॉपरवर येईल, आणि ज्या गावाला ड्रुइड परवडत नाही त्याला बी विकून खंड भरावा लागेल.